वारुळात ओतलेला धातू

मुंग्यांनी जमिनीखाली बांधलेले घर पाहायचे कसे? खणा आणि पाहा, हे उत्तर चटकन सुचते. पण खणायला लागले की पाहण्यासारखे काही उरत नाही. मातीचा कण न् कण उचलून बाहेर टाकल्यावर मागे जी रिकामी जागा राहते, तेच मुंग्यांचे घर. फावड्याचा पहिला घाव बसला की वरचे दालन खालच्या दालनात कोसळते आणि अभ्यासकाच्या हाती लागतो तो मातीचा ढीग, त्यात विखुरलेली अंडी आणि चवताळलेल्या मुंग्या. म्हणून गेल्या शतकात काही कीटकशास्त्रज्ञांनी ओताऱ्याची युक्ती उसनी घेतली. पोकळीत काहीतरी पातळ ओतायचे, ते घट्ट होऊ द्यायचे आणि मग भोवतालची माती काढून टाकायची. सिमेंट, दंतवैद्यांचे प्लास्टर, मेण, जस्त, अ‍ॅल्युमिनियम असे सगळे वापरून झाले आहे. या ओतीव घरांनी नेमके काय शिकवले आणि कोणत्या प्रश्नांपुढे ती गप्प बसतात, ते इथे तपासायचे आहे.

त्याआधी जुना हिशेब मांडायला हवा, कारण ओतकाम आणि कीटकांच्या वसाहती यांची देवाणघेवाण या प्रयोगांहून फार जुनी आहे आणि तीत पहिले देणे कीटकांचे आहे. कामकरी मधमाशी साधारण दोन आठवड्यांची झाली की तिच्या पोटाखालच्या ग्रंथींतून मेणाचे पातळ पापुद्रे पाझरू लागतात. हे मेण बोटांच्या उबेने मऊ होते, नखाने कोरता येते, ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते आणि साच्यातून निथळून जाते. मूर्ती मेणाची करायची, तिच्यावर मातीचे लेप चढवायचे, भट्टीत मेण गाळून टाकायचे आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा, ही कृती या एका पदार्थाच्या गुणांवर उभी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ती दिली आहे. मेणाचे वजन करून त्यावरून धातू किती घ्यायचा ते ठरवावे, असेही त्यात सांगितले आहे. मेण पाण्याहून किंचित हलके आणि तांबे पाण्याच्या जवळजवळ नऊपट जड, तेव्हा हा हिशेब कारागिराला मुखोद्गत असणारच. प्रवरेकाठी दायमाबादला १९७४ साली सापडलेला बैलांचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा या चार भरीव ओतीव वस्तूंचे एकत्रित वजन साठ किलोंच्या वर भरते. त्याही मेणाच्या साच्यानेच ओतल्या गेल्या, असे मानले जाते. पलीकडे कोलंबियात मुइस्का लोक सोन्याच्या ओतीव मूर्ती करत. १९६९ साली पास्का गावाजवळच्या गुहेत सापडलेला त्यांचा सोन्याचा तराफा जगप्रसिद्ध आहे. तिकडे युरोपियनांच्या आधी आपल्यासारख्या मधमाश्या नव्हत्या. ते मेण डंखरहित माश्यांच्या पोळ्यांतले.

बस्तरमधले काम तर दुहेरी उसनवारीचे आहे. गडचिरोलीची सीमा ओलांडली की सुरू होणाऱ्या या मुलखात कोंडागावचे घडवा कारागीर ढोकरा पद्धतीने पितळ ओततात. मेणाचे बारीक दोरे मातीच्या गाभ्यावर गुंडाळून ते नक्षी करतात, म्हणजे मूर्तीचे रूप मधमाश्यांच्या मेणात घडते. वरून जे मातीचे लेप बसतात, त्यांसाठी वारुळाची माती आणतात. त्याला कारण आहे. वाळवी खालच्या थरातले बारीक चिकण कण निवडून वर आणते आणि लाळेने सांधते, त्यामुळे ती माती आजूबाजूच्या मातीहून बारीक आणि चिवट असते. तिच्यात भाताचा भुसा कालवला की तो भट्टीत जळून जातो आणि वायूला बाहेर पडायला वाट होते. शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत वाळू, बेंटोनाइट आणि पाणी यांचे प्रमाण सांभाळून जे साधतात, त्यातले बरेचसे इथे वाळवीने आधीच करून ठेवलेले असते. ढोकऱ्यावर लिहिणारे बहुतेक जण आदिवासी सौंदर्यदृष्टीवर पानेच्या पाने खर्च करतात आणि या मातीला अर्धे वाक्य देतात. मला ते उलटे व्हायला हवे असे वाटते.

आता उलटा प्रवास, धातूचा वारुळात. ब्राझीलमध्ये १९३५ साली याकोबी नावाच्या संशोधकाने पानकाप्या मुंग्यांच्या घरट्यात सिमेंट ओतून त्याची रचना शोधण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पानकाप्या मुंग्या शेतीच्या शत्रू, त्यामुळे त्यांचे घर किती खोल आहे हे कळणे शेतकऱ्याच्याही कामाचे होते. पुढे फ्लोरिडात १९८८ मध्ये विल्यम्स आणि लॉफग्रेन यांनी दंतवैद्य जबड्याचा ठसा घेऊन ज्यातून दातांची प्रतिकृती करतात ते प्लास्टर वापरून जमिनीतल्या अनेक जातींच्या मुंग्यांची घरटी ओतली. पण या कामाला खरी शिस्त आणली ती फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीच्या वॉल्टर चिंकेल यांनी. टॅलहासीजवळच्या अपालाचिकोला अरण्यात पाइनच्या झाडांखाली खोलवर वाळू आहे. तिथे त्यांनी आयुष्याचा मोठा भाग मुंग्यांची घरे ओतण्यात घालवला आणि २०२१ साली ‘अँट आर्किटेक्चर’ या पुस्तकात त्याचा लेखाजोखा मांडला.

पद्धतीचे बारकावे त्यांच्या २०१० च्या एका लेखात आहेत, आणि कोणत्याही ओताऱ्याला ते ओळखीचे वाटतील. प्लास्टर सहज वाहते आणि दूरवरच्या फांद्यांत शिरते, पण ठिसूळ असते. बाहेर काढताना त्याचे तुकडे होतात आणि ते क्रमाने जपून पुन्हा चिकटवत बसावे लागते. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते, अ‍ॅल्युमिनियमला ६६० अंश लागतात. दोन्ही धातू कोळशाच्या भट्टीवर हवा फुंकून जंगलातच वितळवता येतात. धातूचा साचा मजबूत, अख्खा उभा करता येतो. पण तोंडातून शिरलेला रस थंड मातीला लागत लागत खाली जातो आणि बोळ अरुंद असेल तर मध्येच थिजतो. घर खोल असेल तर जिथे तो थिजला तिथपर्यंत खड्डा घ्यायचा आणि पुढचा भाग वेगळा ओतायचा. मेणाची गंमत निराळी. मेणाचा साचा हळुवार वितळवला की आत अडकलेल्या मुंग्या दालनागणिक मोजता येतात. घराचा आराखडा आणि खानेसुमारी दोन्ही एकदम! धातूत ते शक्य नाही, तिथे मुंग्या जळूनच जातात.

हे सगळे फ्लोरिडात साधते त्याचे श्रेय तिथल्या वाळूलाही द्यायला हवे. निचऱ्याच्या सच्छिद्र वाळूतून पोकळीतली हवा निघून जाते आणि ओल कमी असल्याने वाफ होत नाही. साच्यात ओल राहिली तर काय होते ते फौंड्रीत काम केलेल्याला विचारा. नशीब चांगले असेल तर ओतीव भागात नुसती भोके पडतात, नाही तर रस उसळून अंगावर येतो. आपल्या काळ्या मातीत कोणी हा उद्योग करू पाहील तर त्याने आधी याचा विचार केलेला बरा.

मग या साच्यांतून दिसले काय? सगळ्यात तपशिलात कळले ते फ्लोरिडाच्या बी गोळा करणाऱ्या मुंगीचे, पोगोनोमिर्मेक्स बॅडियसचे, घर. वसाहत काही हजारांची, घर दोन-तीन मीटर खोल. एक बोळ मळसूत्रासारखा फिरत खाली जातो. फिरकीचा व्यास चार ते सहा सेंटिमीटर. जमिनीजवळ त्याचा उतार सौम्य, पंधरा-वीस अंशांचा. अर्ध्या मीटरच्या खाली तो सत्तर अंशांपर्यंत उभा होतो. या फिरकीच्या बाहेरच्या बाजूने आडवी दालने फुटतात, जणू गोल जिन्याच्या पायऱ्यांना भाकऱ्या चिकटवल्या आहेत. दालन लहान असताना गोल असते, मोठे होताना त्याला पाकळ्या फुटतात, पण उंची मात्र साधारण एक सेंटिमीटरच राहते. वरची दालने मोठी आणि दाटीने, खालची लहान आणि अंतराअंतरावर. एकूण क्षेत्रफळापैकी जवळजवळ निम्मे वरच्या चतुर्थांशातच असते.

आणि मुख्य गोष्ट ही की लहान घर हे मोठ्या घराचीच छोटी आवृत्ती असते. वसाहत वाढते तसे घर एकाच वेळी खोलही होते, नवी दालनेही जोडली जातात आणि जुनी रुंदही होतात, त्यामुळे प्रमाण ढळत नाही. ही वसाहत साधारण वर्षातून एकदा बिऱ्हाड हलवते, चार-पाच मीटरांवर दुसरी जागा धरते आणि काही दिवसांत पुन्हा त्याच धाटणीचे घर खणून मोकळी होते. आराखडा नाही, मुकादम नाही, काळोख गडद, आणि खणणाऱ्या मुंगीला आपल्या डोक्यापुढच्या मातीपलीकडे काही ठाऊक नाही. एक साचा पाहून हे घर चमत्कारिक वाटते. एकाच जातीचे लहानमोठे अनेक साचे शेजारी ठेवले की त्यामागे नियम आहे हे कळते. संशोधन म्हणून या पद्धतीचे मोल या दुसऱ्या गोष्टीत आहे.

लहानात लहान घर कोणते, तर एकट्या राणीचे. इंग्रजीत धातू ओतण्यालाही आणि राणीने नवी वसाहत वसवण्यालाही ‘फाउंडिंग’ म्हणतात. लॅटिनमध्ये ओतण्यासाठी ‘फुंदेरे’ आणि पाया घालण्यासाठी ‘फुंदारे’ अशी दोन वेगळी क्रियापदे होती. इंग्रजीपर्यंत येता येता ती एका रूपात मिसळली. हा भाषेतला योगायोग, पण विषय मात्र शेजारी आणून बसवतो. अनेक जातींत उड्डाण आणि समागम उरकल्यावर राणी आपले पंख टाकते, छोटे बीळ खणते आणि आतून तोंड बंद करते. ती बाहेर पडत नाही, खात नाही. ज्या स्नायूंनी पंख हलत होते ते आता निरुपयोगी. त्यांचेच आणि साठवलेल्या चरबीचे अन्न करून ती पहिली पिल्ले वाढवते. पानकापी राणी मायघर सोडताना बुरशीची एक गुळी तोंडातल्या कप्प्यात घेऊन निघते, कारण तिच्या लेकरांची शेती त्या विरजणावरच उभी राहायची असते. आपल्याकडे पहिल्या पावसानंतर दिव्यांभोवती पंखांचा खच पडतो तो वाळवीचा. त्यात राणीबरोबर राजाही असतो आणि तो पुढेही सोबत राहतो. मुंग्यांतला नर समागमानंतर लवकरच मरतो.

ओतीव घरांतली सर्वांत थोर घरे अर्थातच पानकाप्यांची. साओ पाउलो राज्यात बोतुकातूच्या विद्यापीठात लुईस फोर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अट्टा जातींची घरटी सिमेंटने भरून मग आठवडेच्या आठवडे खणून काढली. अट्टा लेविगाटा या जातीच्या काही घरट्यांत सात हजारांहून अधिक दालने मोजली गेली आणि खोली सात मीटरांपर्यंत भरली. म्हणजे दोन मजली घर उभे पुरता येईल. यातल्याच एका उत्खननाचे चित्रण २००४ च्या एका माहितीपटात आले आणि त्याची दृश्ये अजून समाजमाध्यमांवर फिरतात, बहुधा खाली काहीतरी भलताच मजकूर चिकटवून.

समाजमाध्यमांचा विषय निघालाच आहे तर २०१३ च्या डिसेंबरमधली ती चित्रफीत आठवावी लागेल. अमेरिकेत एकाने आगमुंग्यांच्या वारुळात वितळलेले अ‍ॅल्युमिनियम ओतले, पाण्याच्या फवाऱ्याने माती धुतली आणि चकचकीत झुंबरासारखी वस्तू विक्रीला काढली. कोट्यवधी लोकांनी ती पाहिली, त्यातले बरेच खवळले. आगमुंगी, सोलेनोप्सिस इन्विक्टा, ही दक्षिण अमेरिकेतून १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबील बंदरात उतरलेली घुसखोर. तिला मारायला तिथले सरकार आणि शेतकरी विषावर अमाप पैसा ओतत आलेत. तेव्हा एका वारुळासाठी अश्रू ढाळणे मला पटत नाही. पण माझा आक्षेप वेगळाच आहे. त्या शोभेच्या साच्याबरोबर जागा, मातीचा प्रकार, वसाहतीचा आकार, ऋतू यांपैकी कशाची नोंद येत नाही. नोंद नसलेला साचा म्हणजे झुंबरच. चिंकेल यांनीही वसाहती मारल्या, पण त्या मोजून, आणि एका साच्यातून जे निघेल ते सगळे काढून घेऊन.

वाळवीच्या वारुळांचे प्रकरण अधिक शिकवणारे आहे, कारण तिथे साच्याने एक लाडका सिद्धान्त अडचणीत आणला. स्वित्झर्लंडचे मार्टिन ल्यूशर यांनी १९६१ मध्ये मांडले होते की मोठ्या आफ्रिकी वारुळात वाळवीच्या आणि तिच्या बुरशीच्या उष्णतेने हवा मधोमध वर चढते, भिंतींलगतच्या नळ्यांतून थंड होत खाली उतरते आणि असे वातानुकूलन अखंड चालते. कल्पना इतकी देखणी की हरारेत मिक पियर्स यांनी १९९६ साली ईस्टगेट सेंटर ही इमारत तिच्या प्रेरणेने उभारली. पुढे नामिबियात स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोर यांनी वारुळांत प्लास्टर भरून, माती धुऊन आतल्या नळ्यांचे जाळे उघडे केले. ल्यूशरच्या चित्रातल्या सरळ चक्राऐवजी जाडबारीक फांद्यांचे गुंतागुंतीचे जाळे समोर आले. घरट्याचे तापमान भोवतालच्या जमिनीप्रमाणे ऋतूनुसार बदलते हेही टर्नरच्या मोजमापांत दिसले. वारूळ घर गार ठेवत नाही. ते बाहेरच्या वाऱ्याच्या आधाराने वायूंची अदलाबदल करते, असे त्यांचे म्हणणे. ईस्टगेट अजून चांगली चालते, ही आणखी एक मजा. चुकीच्या जीवशास्त्रातून बरी इमारत निघू शकते.

यातला पुढचा धडा बंगळुरूत मिळाला. ओडोंटोटर्मिस ओबेसस ही वाळवी आपल्या परिचयाची. महाराष्ट्रात माळावर, बांधावर खाचाखाचांची उभी वारुळे दिसतात, नागपंचमीला ज्यांची पूजा होते, ती बहुधा तिचीच. नागाचे घर म्हणून आपण ज्याला हात जोडतो तिथे नाग खरोखर असलाच तर तो आयत्या बिळावरचा नागोबा. हंटर किंग, सॅम्युएल ओको आणि एल. महादेवन यांनी या वारुळांवरचे काम २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांनीही वारुळात जिप्सम भरून आतल्या वाटा उघड्या केल्या, पण तिथे न थांबता जिवंत वारुळांच्या नळ्यांत छोटे संवेदक बसवून हवेचा वेग मोजला. दिवसा बाहेरच्या पातळ पाकळ्या गाभ्यापेक्षा लवकर तापतात, तेव्हा हवा पाकळ्यांतून वर आणि गाभ्यातून खाली जाते. रात्री पाकळ्या आधी निवतात आणि प्रवाह उलटतो. दिवसभर साठलेला कार्बन डायऑक्साइड रात्री बाहेर पडतो. चक्र निघाले, पण ल्यूशरचे नव्हे. दिवसरात्रीच्या फरकावर चालणारे आणि रोज दोनदा दिशा बदलणारे. वाटा एकमेकींना कुठे मिळतात ते जिप्समने दाखवले. हवा कधी कुठे जाते ते दाखवणे त्याला शक्यच नव्हते. त्यासाठी आतली वाळवी जिवंत हवी.

या पद्धतीची मर्यादा तीच आहे. ओतीव घरात राहते दालन आणि ओसाड दालन सारखेच दिसते. कोण कुठे राहते हे पाहायला चिंकेल यांना पुन्हा फावड्याकडे वळावे लागले, पण आता थराथराने, दालनागणिक. तेव्हा कळले की बॅडियस मुंगी तरुणपणी तळाशी पिल्लांजवळ असते, वय वाढते तशी वर सरकते आणि अखेरच्या दिवसांत दाणे गोळा करायला बाहेर पडते. खोलीबरोबर वय उतरत जाते. मग साहजिक शंका अशी की आपण किती खोल आहोत हे मुंगीला कळते कसे. जमिनीत खाली जावे तसे कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढते, तेव्हा मुंग्या त्याच्या अंदाजाने खणत असतील, अशी सूचना चिंकेल यांनीच केली होती. पुढे त्यांनी जमिनीतला हा चढ कृत्रिमपणे पुसून आणि उलटवूनही पाहिला. मुंग्यांनी घर नेहमीसारखेच बांधले. २०१३ साली त्यांनी हा निकाल, स्वतःचीच कल्पना पडल्याचा, छापला. एकीने केलेले काम हीच दुसरीला पुढच्या कामाची सूचना ठरते, असे फ्रेंच शास्त्रज्ञ पियेर-पॉल ग्रासे यांनी १९५९ मध्ये वाळवीबद्दल मांडले होते. ते मुंग्यांनाही लागू करता येते; पण फिरकी नेमकी चार ते सहा सेंटिमीटरचीच का आणि वरचे दालन खालच्यापेक्षा मोठे का, हे त्या एका तत्त्वातून निघत नाही.

आता क्ष-किरणांच्या सीटी तंत्राने छोट्या घरट्यांचे आतले चित्र मुंगी न मारता मिळते, आणि प्रयोगशाळेतल्या मातीच्या नळकांड्यात रोज काय खणले गेले तेही पाहता येते. पण तीन मीटर खोल घर त्या यंत्रात मावत नाही. तिथे अजून ओतणेच भाग आहे.

चिंकेल यांचा मला सर्वांत आवडलेला प्रयोग याच्या नेमका उलट आहे, आणि तोही २०१३ चाच. त्यांनी दालनांच्या आणि बोळांच्या आकाराचे बर्फ गोठवले, ते जोडून जमिनीत हव्या त्या खोलीवर पुरले आणि वरून वाळू दाबून बसवली. बर्फ वितळून पाणी वाळूत जिरले आणि मागे पोकळी राहिली. मेण गाळून मूर्ती ओतण्याचीच ही रीत. फक्त रिकाम्या साच्यात पितळाऐवजी मुंग्या सोडायच्या. घराचा आकार आता संशोधकाच्या हाती आला. मुंग्या त्यात राहायला गेल्या आणि लगेच आपल्या सोयीने खणाखणीलाही लागल्या.